घर बघायला कोण आलं होतं?

स्मरणिका समितीनं मला ‘सोसायटीच्या जुन्या आठवणी’ असा विषय दिला होता. गणपती, कोजागिरी, टँकरच्या पाण्यावरून झालेली भांडणं यांवर बाकीची मंडळी लिहिणारच आहेत आणि माझ्यापेक्षा बरं लिहितील. मी सात वर्षं सेक्रेटरी होतो, त्यामुळे माझ्या वाट्याला आठवणींपेक्षा फायली जास्त आल्या. त्यातल्या एका हिरव्या फायलीबद्दल लिहितो. विषय जरा रुक्ष आहे, पण आपण सगळे ज्या स्लॅबखाली झोपतो तिच्याबद्दलचा आहे, म्हणून तेवढं वाचा.

1998 साली आम्ही हे घर बुक केलं. परळच्या चाळीतली खोली विकून भावाभावांत वाटणी झाली होती. हाती आलेल्या पैशात डोंबिवलीतसुद्धा काही बसत नव्हतं. कुणीतरी म्हणालं, कर्जतला बघा, लोकल आहे, हवा चांगली आहे, मागे डोंगर दिसतो. आलो, बघितलं, आवडलं. मग रीतसर सगळं केलं. वकिलानं सातबारा पाहिला, बिनशेतीचा आदेश पाहिला, बांधकाम परवानगीची झेरॉक्स फायलीला लावली. बँकेचा व्हॅल्युअर येऊन टेपनं मापं घेऊन गेला. सासऱ्यांनी नळ सोडून पाहिला. हिनं ओटा कुठल्या भिंतीला येणार ते तीन वेळा विचारलं. आणि मी, सांगायला लाज वाटते, फरशीचा रंग निवडला.

आता मागे वळून बघितलं की वाटतं, वकील मालकी हक्क बघायला आला होता. व्हॅल्युअर बँकेचा माणूस, तो बँकेचे पैसे बुडणार नाहीत ना एवढं बघायला आला होता. घर बघायला कोणीच आलं नव्हतं. कॉलममध्ये सळया किती, स्लॅबवर किती दिवस पाणी मारलं, रेती कुठली वापरली, यातलं काहीही आमच्यापैकी एकानंही विचारलं नाही. विचारलं असतं तरी उत्तर खरं की खोटं हे कळायला अक्कल नव्हती, आणि ती भाड्यानं कुठे मिळते हेही माहीत नव्हतं.

गंमत अशी, की ज्यांना आपण अडाणी म्हणतो त्या आमच्या मामांना ते कळत होतं. माझं आजोळ खालापूर तालुक्यात, चौकच्या बाजूला. घर कौलारू. दर मे महिन्यात तिथे शाकारणी व्हायची. सगळी कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, बाकीची झाडून परत लावायची. ते करताना मामा प्रत्येक वाशावर कोयत्याची मूठ आपटायचे. आवाज पोकळ आला की वाळवी. रीप वाकली असेल तर बदलायची, आढ्याला भेग दिसली तर सुताराला सांगावा धाडायचा. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्या पावसाच्या धाकानं घराची दर वर्षी आपोआप तपासणी व्हायची. तिला कुणी तपासणी म्हणत नसे, एवढंच. स्लॅबची घरं आली आणि वर चढून बघायचं कारणच गेलं. सिमेंट म्हणजे कायमचं, असं आपण धरून चाललो. आपल्या गच्चीवर आपण चढतो ते कोजागिरीला आणि पतंगाला.

अर्थात ‘बांधणारा एक आणि बघणारा दुसरा’ हा प्रश्न आपल्या सोसायटीपासून सुरू झालेला नाही. आपल्या स्टेशनात मागे बँकर इंजिनं लावून गाड्या ज्या घाटात चढतात, त्या बोरघाटाचीच गोष्ट घ्या. घाटाचं काम 1856 मध्ये सुरू झालं. कामावर एका वेळी चाळीस हजारांच्या वर मजूर होते. 21 एप्रिल 1863 ला मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी मार्गाचं उद्घाटन केलं. जगभर कौतुक झालं. आणि चारच वर्षांनी, 19 जुलै 1867 ला, ऐन पावसात घाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला. जुन्या इंग्रजी कागदांत त्याचं नाव ‘म्हाऊ-के-मल्ली’ असं येतं. चौकशीत दगडकामच कच्चं निघालं. मग जीआयपी रेल्वेची बाकीची बांधकामंही तपासायला घेतली, तेव्हा आणखी बरीच कच्ची सापडली आणि नव्यानं बांधावी लागली. देखरेखीला इंजिनिअर नव्हते असं नाही. कंपनीचे होते आणि कंपनीच्या कामावर नजर ठेवायला सरकारचेही होते. सह्या झाल्या होत्या, गाड्या धावत होत्या. पूल बघायला पावसाला यावं लागलं.

आता हिरव्या फायलीकडे येतो.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत स्ट्रक्चरल ऑडिटची तरतूद आहे. इमारत 15 ते 30 वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी, तीस ओलांडल्यावर दर तीन वर्षांनी. आपल्याला ताबा 2000 च्या दसऱ्याला मिळाला आणि सोसायटी नोंदवली 2001 मध्ये. म्हणजे पंधरा वर्षं भरली 2015 ला. मी तेव्हा सेक्रेटरी. तीन कोटेशनं मागवली. अठरा हजार, पस्तीस हजार आणि साठ हजार. कुठलं पास झालं असेल हे ओळखायला बक्षीस नाही.

अठरा हजारवाले साहेब एका रविवारी आले, तिन्ही विंगांत मिळून दीड तास फिरले, चहा घेतला, फोटो काढले. तीन आठवड्यांनी स्पायरल बाइंडिंगचा अहवाल आला. त्यात ‘इमारतीची स्थिती समाधानकारक, तथापि दुरुस्ती आवश्यक’ असं लिहिलं होतं. त्याच पाकिटात दुरुस्तीचं कोटेशनही होतं, त्यांच्या ओळखीच्या कॉन्ट्रॅक्टरचं, आकडा चौदा लाख. सभेत जो गदारोळ झाला तो जुन्या सभासदांना आठवत असेल. डॉक्टरच केमिस्ट निघाला तर औषध खरं कोण म्हणेल? सगळ्यांनी एकमतानं अहवालच खोटा ठरवला आणि मी तो कपाटात ठेवून दिला. त्या दीड तासाच्या अहवालात एक ओळ मात्र बरोबर होती, ती मला सहा वर्षांनी कळली. ‘बी विंग, पंपरूमच्या मागचा कॉलम, ओल.’

मधल्या काळात महाड घडलं. 24 ऑगस्ट 2020, संध्याकाळची वेळ, काजळपुऱ्यातली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत पत्त्यांसारखी खाली आली. सोळा माणसं गेली. दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्यातून चार वर्षांचा एक मुलगा जिवंत बाहेर काढला, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. महाड आपल्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे त्या रात्री सोसायटीच्या ग्रुपवर कुणी गुड नाइटची चित्रं टाकली नाहीत. मला जे झोपू देईना ते वेगळं होतं. ती इमारत जुनी नव्हती. दहा वर्षंसुद्धा झाली नव्हती. उपविधींतलं ऑडिट सुरूच होतं पंधराव्या वर्षी. आणि तिला कागद नव्हते असंही नाही. गुन्हा दाखल झाला तेव्हा त्यात बिल्डरबरोबर आर्किटेक्ट होता, आरसीसी सल्लागार होता आणि नगरपरिषदेचे अधिकारीही होते. म्हणजे ज्यांनी बघायचं होतं ते सगळे कागदावर हजर होते.

महाडनंतर आपणही जागे झालो. 2021 च्या जुलैमध्ये उल्हास नदी पार्किंगपर्यंत आली, त्यानंतर तर कुणी विरोधच केला नाही. दुसरं ऑडिट पूर्ण पैसे मोजून केलं. ठराव असा केला, की ऑडिट करणाऱ्यानं दुरुस्तीचं काम घ्यायचं नाही आणि कॉन्ट्रॅक्टरही सुचवायचा नाही. एक बाई इंजिनिअर आणि दोन मदतनीस आले, दोन दिवस होते. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक, काँक्रीटचे कोअर काढणं, सगळं झालं. मला सगळ्यात लक्षात राहिली ती गुलाबी पाण्याची परीक्षा. काँक्रीट थोडं फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलीन फवारतात. काँक्रीट ठणठणीत असेल तर गुलाबी होतं. हवेनं आणि ओलीनं त्याचा क्षार संपला असेल तर राखाडीच राहतं, आणि मग आतली सळई गंजायला मोकळी. गंजलेली सळई फुगते आणि वरचं काँक्रीट फोडून बाहेर येते. आपण त्याला ‘पोपडे आलेत’ म्हणतो आणि दिवाळीला रंग मारतो.

पंपरूममागचा कॉलम राखाडी राहिला. बाईंनी पाण्याचा माग काढत काढत वर यायला सुरुवात केली. पहिल्या मजल्यावर खालच्या काकूंच्या छताला ओल होतीच, गेली कित्येक वर्षं होती. त्या मला सांगायच्या आणि मी म्हणायचो, “काकू, पावसाचं पाणी आहे, गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं की थांबेल.” बाई दुसऱ्या मजल्यावर आल्या. माझ्या बाथरूममध्ये. 2008 साली मी बाथरूम नवं केलं होतं. गवंड्यानं पाइप खाली बसवायला बीम छिन्नीनं फोडला होता, एक सळईही कापली होती. मी तेव्हा समोरच उभा होतो. “काही होत नाही साहेब,” तो म्हणाला, आणि मला तेच ऐकायचं होतं. परवानगी कुणाची घेतली नव्हती. त्या वेळी मी कमिटीतच होतो, मी कुणाला विचारणार? 25 जुलै 2017 ला घाटकोपरची सिद्धी साई इमारत पडून सतरा जणांचा जीव गेला, आणि तळमजल्यावर चाललेल्या फेरफारांवरून गुन्हा दाखल झाला. तेव्हा मी पेपर वाचत, लोक कसे बेजबाबदार वागतात म्हणून हळहळलो होतो, त्याच बाथरूमच्या शेजारच्या खोलीत बसून.

काकूंची माफी मी मागितली. जाहीर मागायची राहिली होती, ती इथे मागतो.

टेकू लावले, कॉलमला जॅकेटिंग झालं, बीम दुरुस्त झाला. सिंकिंग फंड पुरला नाही, वर्गणी काढावी लागली. त्यावरची भांडणं इतिवृत्तात आहेत, ती इथे उगाळत नाही.

दुरुस्तीच्या त्या दिवसांत आमच्या पारावर एक वाद रंगला, आणि तो अजून संपलेला नाही. नगरपरिषदेनं घरं तपासणाऱ्या खाजगी माणसांना परवाने द्यावेत का? म्हणजे घर विकत घेण्यापूर्वी किंवा दुरुस्तीपूर्वी आपण पैसे देऊन बोलवावा आणि ज्याच्या कागदाला वजन असावं, असा माणूस. सी विंगमधले एक काका आयुष्यभर सरकारी नोकरीत होते. ते म्हणाले, “अजून एक शिक्का म्हणजे अजून एक पाकीट. महाडला काय शिक्के कमी होते?” त्यांच्या या वाक्याला माझ्याकडे बराच काळ उत्तर नव्हतं.

परवाने आहेतच, पण ते कुणाला आहेत ते बघा. डिसेंबर 2020 मध्ये राज्यानं एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली आणली, ती कर्जत-खोपोलीसारख्या नगरपरिषदांनाही लागू आहे. (आपल्या तालुक्यातलं माथेरान मात्र तिच्यातून वगळलेलं आहे.) तीत इंजिनिअर, स्ट्रक्चरल इंजिनिअर, सुपरवायझर यांच्या पात्रता आणि परवाने ठरवून दिले आहेत. आर्किटेक्टला वेगळा परवाना लागत नाही, त्यांची नोंदणी 1972 च्या कायद्याखाली होते. हे सगळे बांधणाऱ्याच्या बाजूचे लोक. बिल्डर त्यांना नेमतो आणि फी देतो. महापालिकांच्या कायद्यात कलम 265-अ आहे. त्यानुसार तीस वर्षांवरच्या इमारतींना महापालिकेकडे नोंदलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. ती सोय म्हाताऱ्या इमारतींसाठी. महारेरामुळे 2017 नंतरच्या प्रकल्पांत ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष दिसला तर बिल्डरनं तो 30 दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. पण दोष आहे हे ग्राहकाला दाखवणार कोण? आज आपल्या भागात नवे टॉवर उठतायत, तिथे ताबा घेताना काही तरुण मंडळी मुंबई-पुण्याहून होम इन्स्पेक्शनवाले बोलावतात. ते फरशी ठोकून बघतात, ओल मोजायचं यंत्र लावतात, प्लगपॉइंट तपासतात. बरी गोष्ट आहे. पण उद्या तुम्ही किंवा मी यंत्र विकत घेऊन हा धंदा सुरू केला तर परवाना दाखवा म्हणणारं कोणी नाही.

माझी भाची अमेरिकेत टेक्सासला असते. तिनं घर घेतलं तेव्हा फोनवर सहज म्हणाली, “मामा, उद्या इन्स्पेक्टर येणार आहे, मग ठरवू.” मी विचारलं, सरकारी का? तर नाही, खाजगी. फी तिनं दिली, पण परवाना राज्य सरकारचा. त्या परवान्याशिवाय तिथे हे काम करता येत नाही. मला उत्सुकता लागली म्हणून मी आणखी माहिती काढली. कॅलिफोर्नियात असा परवानाच नाही. पण तिथल्या कायद्यात एक कलम आहे. ज्या घराचा अहवाल तुम्ही दिला त्या घराची दुरुस्ती पुढचे बारा महिने तुम्हाला करता येत नाही. वाचून मला आमचे अठरा हजारवाले आणि त्यांचं चौदा लाखांचं कोटेशन आठवलं. म्हणजे आपल्या सभेनं 2021 ला जो ठराव केला तो तिकडे कायदाच आहे.

म्हणून आता माझं मत असं झालं आहे, की परवाना द्यावा, पण कोण पैसे देतो आणि अहवाल कुठे जातो हे आधी ठरवून. तपासणाऱ्यानं त्या बिल्डरचं काम केलेलं नसावं आणि त्या घराची दुरुस्ती घेऊ नये. अहवालाची एक प्रत नगरपरिषदेत जमा व्हावी आणि घर घेऊ इच्छिणाऱ्या कुणालाही ती बघायला मिळावी. सी विंगच्या काकांचं पाकीट तिथे जरा अवघड होतं, कारण पाकीट बंद खोलीत चालतं. 2015 चा अहवाल माझ्या कपाटात राहिला म्हणून तर तो कॉलम आणखी सहा वर्षं भिजला. त्याचा दोष मी कुणा सरकारी कचेरीला देऊ शकत नाही. कपाट आमचं होतं, किल्ली माझ्याकडे होती.

नगरपरिषदेनंच परवाना द्यावा का, याबद्दल मात्र माझा आग्रह नाही. आपल्याकडचा नकाशा बघा. कर्जत आणि खोपोलीला नगरपरिषदा, आजूबाजूला ग्रामपंचायती, आणि 2013 पासून दोन्ही तालुक्यांतली काही गावं सिडकोच्या नैना क्षेत्रात. ओढा ओलांडला की कचेरी बदलते. त्यात गाव लहान, इंजिनिअर मोजके, आणि आज ना उद्या प्रत्येकानं प्रत्येक बिल्डरचं काम केलेलं. एका गावच्या यादीत निःपक्ष माणूस सापडणं कठीण. त्यापेक्षा जिल्ह्याची एक यादी असावी. पेणचा माणूस कर्जतचं घर बघेल आणि कर्जतचा अलिबागचं. गावकीबाहेरचा माणूस पंचाला बोलवायची आपली जुनी रीतच आहे.

आणि बघणाऱ्यानं घराखालची जमीनही बघावी. हे मी चौकमुळे म्हणतो. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडी गेली. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न माणसं मिळालीच नाहीत. मामांच्या अंगणातून इर्शाळगडाचं नेढं दिसायचं, त्या डोंगराकडे आम्ही लहानपणी बोट दाखवून गोष्टी सांगायचो. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत ही वाडी नव्हती, असं सरकारनंच नंतर सांगितलं. वाडीतल्या लोकांना कुठला इन्स्पेक्टर परवडणार होता, तिथे बघायची जबाबदारी सरकारचीच. पण आज त्याच डोंगरांच्या पायथ्याशी उतार कापून बंगल्यांच्या स्कीम होतायत, आणि शनिवार-रविवारी येणारी मंडळी पूल किती लांबीचा ते विचारून बुकिंग करतायत. मी फरशीचा रंग निवडला होता, ते पूल निवडतायत. कापलेल्या डोंगराचं पाणी कुठून जाणार हे बघणारा माणूस त्यांना हवा असेल तर तो कुठे भेटतो, हे मी अजूनही त्यांना सांगू शकत नाही.

उपविधींप्रमाणे आपलं पुढचं ऑडिट यंदा पावसाळ्यानंतर आहे. कोटेशनं मागवायचं काम नव्या कमिटीनं सुरू केलं आहे. नगरपरिषदेला आणि जिल्हाधिकाऱ्यांना वरच्या मागणीचं पत्र सोसायटीतर्फे द्यावं, असा ठराव मी येत्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहे, अनुमोदक पाहिजे. आधीचे दोन्ही अहवाल हिरव्या फायलीत, आता ऑफिसातल्या उघड्या रॅकवर ठेवले आहेत. घर विकणाऱ्यांनी ते घेणाऱ्याला आपणहून दाखवावेत. दुसऱ्या अहवालात पान 14 वर माझ्या बाथरूमचे फोटो आहेत, रंगीत.